पक्क्याने कच्च्यावर टेकू नये

नलिनीताई बेंद्रे यांची आणि माझी पहिली भेट कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, वैद्यकीय उपकरणांच्या मानक समितीच्या बैठकीत झाली. मी पुण्याहून नुकताच आलेला, मोठ्या ऐटीत माझा मसुदा मांडला. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चहाच्या सुट्टीत मराठीतच विचारलं, "काय रे, हे ज्याच्यावर उभं केलंयस ते अजून ड्राफ्टच आहे ना? उद्या ते बदललं तर?" त्याच संध्याकाळी त्यांनी घरी नेऊन पिठलं-भात वाढला, आणि पुढे स्वतःच्या गाडीवर मला ड्राइव्हिंगही शिकवलं.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकासाठी संपादकांनी 'गोड लिहा' असं बजावलंय. जमणार नाही.

आमच्याकडे साधा नियम आहे. पक्क्या झालेल्या मानकाने कच्च्या मसुद्याचा आधार घेऊ नये. घ्यायचाच असेल तर तसं उघड सांगून हरकती मागवाव्यात. हॉस्पिटलातल्या सलाइनच्या पंपाचा अलार्म नर्सच्या स्क्रीनपर्यंत कसा पोचवायचा, याचं मानक आम्ही करत होतो, आणि त्याचा गाभाच दुसऱ्या एका कच्च्या मसुद्यातून घेतलेला. अध्यक्षमहाशयांनी हरकतींची सूचना काढली कधी, तर नाताळच्या सुट्टीत! कंपन्या बंद, माणसं स्कीइंगला. वाचणार कोण, डोंबल? ताईंनी वाचली आणि एकट्यांनी हरकत घेतली. तर "बाई अडवणूक करतात" म्हणून त्यांनाच समितीतून काढलं आणि मानक पास केलं.

व्हायचं तेच झालं. तो कच्चा मसुदा बदलला. पंप जुन्या मसुद्याप्रमाणे बोलायचा, स्क्रीन नव्याप्रमाणे ऐकायची. चाचणीत पंप अडला आणि नर्सकडे अलार्म वाजलाच नाही. नशीब, पलंगावर पेशंट नव्हता. मग निमूटपणे ताईंचंच म्हणणं मान्य केलं, मसुदा पक्का होईपर्यंत मानक थांबवलं. शेवटी छापलं तेव्हा आभाराच्या पानावर अध्यक्ष होते, त्यांचे चेलेचपाटे होते. ताई नव्हत्या! जनाची नाही, निदान मनाची तरी लाज?

मी फोनवर भडकलो, तर ताई हसल्या. "अरे, अलार्म वाजतोय ना आता? मग झालं तर."

नाही ताई, झालं नाही. तुमचा मोठेपणा या लोकांच्या पथ्यावर पडतो.

पंचाहत्तरीच्या समारंभाला हेच अध्यक्ष हार घेऊन येणार आहेत. त्यांना इथेच सांगतो, हार राहू द्या, नाव छापा. नलिनीताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि पुढच्या आवृत्तीत आभाराच्या पानावरचं आपलं नाव त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. तोवर मी दर बैठकीत हरकत घेणार आहे. एकटा असलो तरी.