काठावर भरलेला हंडा

सुरतेतल्या नवागामच्या उज्ज्वलाला पुस्तकावर सहजासहजी विश्वास ठेवता येत नसे. दिवसभर ती कारखान्यात साड्या तपासायची. डाग, सुटलेला धागा, छपाईतली चूक तिच्या नजरेतून निसटत नसे. संध्याकाळी तीच नजर घेऊन ती वाचायला बसे. स्वतःच्या खर्चानं पुस्तकं छापणारे लेखक तिला रहस्यकथा, भयकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या पाठवत आणि ती फेसबुकवर त्यांची परीक्षणं लिही. खुनी कोण ते तिला बहुतेक वेळा पन्नासाव्या पानाआधीच कळे. तेही ती लिहून टाकी, म्हणून काही लेखक तिच्यावर रुसलेले होते.

श्रावणात तिच्याकडे गजेंद्र नावाच्या लेखकाची भयकथा आली. तो हजीऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता, राहायला कोसाडला. गोष्ट खानदेशातल्या एका विहिरीची. पाणी शेंदताना पाय घसरून मेलेली सून भूत होऊन गावाला छळते. भूत अगदीच साधं होतं, पण एका वाक्यावर उज्ज्वला अडली. सून पडली तेव्हा हंडा काठावर भरलेला होता, शेजारी दोराची नीट गुंडाळी होती.

म्हणजे पाणी शेंदून झालं होतं. मग ती घसरली कशी?

लेखकानं हा धागा पुढे कुठंच वापरला नव्हता. रचलेल्या गोष्टीत असं कोणी वाया घालवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. तिनं गजेंद्रला फोन करून विचारलं. सुचलं ते लिहिलं, असं तो म्हणाला. हंड्याचं विचारताच मात्र त्यानं कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तिला ब्लॉक केलं. तिचा संशय आणखी वाढला. नवरा भूपेंद्र म्हणाला, दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावतेस? पण तिला चैन पडेना.

पुस्तकाच्या मागे पत्ता होता. रविवारी ती कोसाडला गेली. गजेंद्र ड्यूटीवर होता. दार त्याच्या आईनं, शोभाबाईंनी उघडलं. उज्ज्वलाच्या हातातलं पुस्तक पाहून त्यांनी काही न विचारता पाणी आणून दिलं.

"मावशी, तो हंडा तुम्ही पाहिला होता ना?" उज्ज्वलानं विचारलं.

शोभाबाईंनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. मेली ती त्यांची थोरली जाऊ, मंदा. ढकललं तिच्या नवऱ्यानं. शोभाबाई तेव्हा नव्या नवरीच होत्या, विहिरीवरच्या उंबराच्या झाडाआड उभ्या होत्या. सासऱ्यांनी पाय घसरला म्हणून सांगितलं आणि गावानं ते मानलं. शोभाबाईंनी एकदा माहेरी तोंड उघडून पाहिलं, तर बापानंच दटावलं. पुढे सुरतेला आल्यावर त्या लेकराला तीच गोष्ट भुताची म्हणून सांगू लागल्या.

"भूतनी गोष्ट सांगी ते लोके बसी ऐकतस," त्या अहिराणीत म्हणाल्या. "बाईनी सांगी ते उठी जातस."

हे लिहू का, असं उज्ज्वलानं विचारलं. तो थोरला दीर आता वारला होता, पण त्याची मंदापासूनची मुलगी अमळनेरला होती. शोभाबाईंनी होकारार्थी मान हलवली. नाव लिहू नको म्हणाल्या, हंड्याचं मात्र लिही.

त्या आठवड्यात उज्ज्वलानं आजवरचं सर्वांत छोटं परीक्षण लिहिलं. या भयकथेत भूत नाही, हंडा आणि दोर नीट वाचा, एवढंच.

पंधरा दिवसांनी अमळनेरहून मनीषा नावाच्या बाईचा फोन आला. परीक्षण वाचून तिनं पुस्तक मागवलं होतं आणि त्यातल्या विहिरीवरच्या उंबरावरून गाव, तर लेखकाच्या नावावरून आपला चुलतभाऊ ओळखला होता. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. आई घसरली, असंच तिला आजवर सांगितलं गेलं होतं. तिनं शोभाकाकूंचा नंबर मागितला.

हिला कोणी पाठवलं असेल का, हा विचार उज्ज्वलाच्या मनात आलाच. म्हणून तिनं आधी शोभाबाईंना विचारलं.

"दे," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर मनीषा कोसाडला येऊन दोन दिवस राहून गेली. गजेंद्रनं मात्र उज्ज्वलाला पुन्हा पुस्तक पाठवलं नाही.