गाडी दोन वाटांनी गेली तेव्हा

माझं नाम सुटलं होतं, इथूनच सुरुवात करते. यजमान गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमच्याकडे दत्ताची उपासना. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी एक माळ जपायची सवय होती. ते गेल्यावर ती माळ पुढे सरकेना. पंधरा-वीस मणी झाले की मी उठायची. कधी कुकर लावायला, कधी नुसतीच गॅलरीत जायला. देवावर रागावले होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. मला कुठेच बसवत नव्हतं. विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या तीन खोल्यांत मी दिवसभर इतकी फिरायची की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, "अहो, आपण घरातच फिरायला जाता का?"

युरोपचा प्रवास यजमानांनी ठरवला होता. निवृत्तीनंतर पाठीवर पिशव्या टाकायच्या, रेल्वेचा पास काढायचा, हॉस्टेलात राहायचं आणि चार-पाच देश स्वस्तात बघायचे, असं त्यांचं स्वप्न. ते तसंच राहिलं. मग माझ्या नणंदबाई एकदा शनिवार पेठेतून रिक्षा करून आल्या आणि म्हणाल्या, "त्याने ठरवलं होतं ते आपण दोघी करू. तू नाहीतरी घरात चालतेच आहेस, जरा लांब चाल." वन्सं माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या, अविवाहित, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मधुमेह जुना, रोज इन्सुलिन. बोलणं तिखट आणि मन त्याहून फार वेगळं.

गेलो खऱ्या, पण माझी अस्वस्थता माझ्याबरोबर विमानात बसली होती. ॲमस्टरडॅमला एक दिवस, कोलोनला एक दिवस, म्युनिकला जेमतेम दुपार. कुठल्याही गावात पोहोचलं की मी पुढच्या गाडीची वेळ बघायला लागायची. चौसष्टाव्या वर्षी वन्सं हॉस्टेलमधल्या खालच्या बंकवर झोपायच्या, सकाळी पाठ चोळत उठायच्या आणि मुकाट्याने पिशवी उचलायच्या. साल्झबुर्गला मात्र त्या बोलल्या. "चार दिवस आपण फक्त स्टेशनं बघतोय. स्टेशनच बघायचं होतं तर शिवाजीनगर काय वाईट होतं?" मी हसले, आणि तासाभरात त्यांना स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या गाडीत बसवलं.

गाडी डोंगरांतून चालली होती. दुपारच्या जेवणाची वेळ झाली तशी वन्संनी इन्सुलिन टोचून घेतलं. जेवण माझ्या पिशवीत होतं, पाव, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. मी ते तेव्हाच काढून द्यायला हवं होतं. पण मला बसवेना. "आले पाच मिनिटांत, मग जेवू," म्हणाले आणि पिशवी खांद्याला तशीच अडकवून डब्यांतून पुढे पुढे चालत गेले. अगदी पुढच्या डब्याच्या दाराशी उभी राहून बाहेर बघत राहिले. मध्ये एका मोठ्या स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. ध्वनिक्षेपकावर आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत काहीतरी सांगत होते. मी लक्ष दिलं नाही. गाडीला एक हिसका बसला आणि ती पुढे निघाली.

थोड्या वेळाने परत फिरले. एक डबा, दुसरा डबा, आणि तिसऱ्याच्या टोकाला पोहोचले तर दार बंद होतं. काचेपलीकडे पुढचा डबाच नव्हता. मागे पळत जाणारे रूळ होते.

पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. तिकीट तपासनीसाने समजावून सांगितलं. त्या मोठ्या स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात, मागचे डबे ऑस्ट्रियातच दुसऱ्या गावाकडे जातात. मी त्याला हातवारे करून सांगत होते, तिने इन्सुलिन घेतलंय, तिचं जेवण माझ्याकडे आहे, तिच्या फोनमध्ये इथलं सिम नाही. माझ्या डोळ्यांसमोर मंडईतला तो दिवस येत होता. तिथे भाजी घेताना वन्संची साखर एकदम उतरली होती, आणि पालकाची जुडी हातात धरून त्या घामाघूम होऊन खाली बसल्या होत्या. तेव्हा मी शेजारी होते. आता मी पाच मिनिटांसाठी गेले होते.

तपासनीस भला माणूस. त्याने फोन लावले, माझा नंबर लिहून घेतला आणि बोगद्यानंतर स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या स्टेशनवर मला उतरवलं. "इथेच थांबा. त्यांना शोधून इकडच्या गाडीत बसवायला सांगितलंय. इथून हलू नका," असं दोनदा बजावून तो गाडीबरोबर गेला.

पण हलू नका म्हणून मी हलायची थांबणार होते थोडीच! त्या फलाटावर मी किती फेऱ्या मारल्या देव जाणे. फोन वाजत नव्हता. (घाईत मी एक आकडा चुकीचा सांगितला होता, हे नंतर कळलं.) अर्धा तास गेला असेल. समोरून उलट दिशेची गाडी आली, ऑस्ट्रियाकडे जाणारी. मी दुसरा विचारही केला नाही. धावले आणि पायरीवर पाय ठेवला, तोच माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

सत्तरीच्या पुढची बाई होती. डोक्याला रुमाल, दुसऱ्या हातात टोमॅटोच्या रोपांची टोपली. मघापासून ती बाकावर बसून माझ्या येरझाऱ्या पाहत होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, "तुला इथे थांबायला सांगितलं ना? मी ऐकलं."

"हो, पण माझी बहीण..." मला रडू फुटलं. नणंद म्हणजे काय हे त्या क्षणी कुणाला समजावणार होते?

"ती इथे येईल. तू तिकडे गेलीस तर ती कुणाला सापडेल?"

तिने हात सोडला नाही. दारं बंद झाली आणि गाडी निघून गेली. तेव्हा मला उमगलं की ती बाई त्याच गाडीची वाट पाहत होती. तिची गाडी माझ्यापायी गेली होती. मी माफी मागायला लागले, तर तिने टोपली खाली ठेवली, मला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. एवढंच म्हणाली, "दोघी शोधत फिरल्या तर भेटत नाहीत. एकीने बसावं."

मी बसले. दीड वर्षात पहिल्यांदा मी खरोखर बसले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी देवाला काही मागितलं नाही. मागायचं धाडसच नव्हतं, कारण चूक माझी होती. मनात एवढंच आलं, महाराज, आता त्या माझ्या हातात नाहीत. तुमच्या हातात आहेत. आणि मग कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, पण ओठांवर नाम होतं. दिगंबरा, दिगंबरा. माळ नव्हती, मोजणी नव्हती. शेजारची बाई टोपली पायांशी घेऊन बसून होती. तासाभराने तिची पुढची गाडी आली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, टोपली उचलली आणि गेली. मी उठले नाही. उठावंसं वाटलंच नाही.

आणखी बऱ्याच वेळाने एक गाडी आली, आणि तिच्यातून वन्संच उतरल्या. पाठीवर पिशवी, हातात कुणीतरी स्टेशनचं नाव लिहून दिलेला कागद. मी फलाटावरच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ, ऊठ. लोक बघतायत," त्या म्हणाल्या. "आणि ते जेवण दे आता. पाच मिनिटं झाली असतील तुझी."

बाकावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. मी गेल्यावर त्यांच्या खिडकीत ऊन आलं. डोळ्यांवर येतंय म्हणून त्या उठून पलीकडच्या बाजूला, एका अनोळखी बाईसमोर जाऊन बसल्या. गाडी तुटल्यानंतर त्यांना घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. समोरच्या बाईने एकदाच पाहिलं, स्वतःच्या पर्समधून साखरेच्या गोळ्या काढून त्यांच्या तोंडात घातल्या आणि मग आपलं सँडविच दिलं. तीही वन्संसारखीच इन्सुलिन घेणारी होती. साखर उतरली की माणूस कसा दिसतो हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या गाडीतला तपासनीस शोधत आला तेव्हा तीच वन्संबरोबर पुढच्या स्टेशनवर उतरली आणि परतीच्या गाडीत बसवून मगच गेली.

"जुन्या जागेवर बसले असते तर आजूबाजूला कुणी नव्हतं गं," वन्सं म्हणाल्या.

ते ऊन त्या वेळी त्या खिडकीत का आलं, याचा मी तर्क करत नाही. गाडीने वळण घेतलं असेल. माझं नाम किती वाजता सुरू झालं आणि वन्संच्या तोंडात गोळी किती वाजता पडली, हे जुळवून पाहायचा मोहही मी आवरला. जे मिळालं त्याचा हिशेब कशाला मागायचा? त्यानंतर लुब्लियानात आम्ही सलग पाच दिवस राहिलो. पुढच्या गाड्या जाऊ दिल्या. नदीकाठी वन्सं तासन्‌तास बसायच्या आणि मी त्यांच्या शेजारी.

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय पाहिलं? मला फारसं सांगता आलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, धावलं की सांभाळता येतं. माझ्या माणसाला मी धावून वाचवू शकले नाही, म्हणून मी धावतच राहिले होते. त्या दिवशी मी जागेवर बसले होते आणि माझं माणूस दुसऱ्या कुणीतरी सांभाळून माझ्यापर्यंत आणून पोहोचवलं.

त्या दोघींपैकी एकीचंही नाव मी विचारलं नाही, वन्संनीही नाही. आभाराचं पत्र लिहावं तर पत्ता नाही. दोघी बाया आपापल्या घरी असतील; एकीची रोपं वाढली असतील, दुसरीच्या पर्समध्ये नव्या गोळ्या आल्या असतील. उपकार करणाऱ्याचा ठावठिकाणाच नसेल तर माणसाने काय करावं? मी हात जोडते. ते कुठे पोहोचवायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर सोडते.