गळाच्या जागी लोकर

काल लोधिवलीला नानांच्या तेराव्याला जाऊन आले. तिथे त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे एक गोष्ट कबूल केली, तीच इथे लिहितेय... त्यांना विचारूनच.

मी फिजिओथेरपिस्ट. खोपोली ते चौक स्कूटीवरून पेशंटच्या घरी जाते. गेल्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी मी त्यांना दाबायला रबरी बॉल दिला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून अंगणातल्या कोंबड्यांवर भिरकावला.

नाना साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी, मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने त्यांना फ्लाय फिशिंग शिकवलं आणि जाताना आपला रॉडही देऊन गेला. यात गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही... गळाला पीस आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवायचा, लांब दोरी हवेत खेळवायची आणि तो किडा अलगद पाण्यावर टेकवायचा. नानांचा चाळीस वर्षं प्रत्येक रविवार पळसदरीच्या धरणावर, यातच गेला.

बरं, लागलेला मासा परत पाण्यात! गळाला जो बारीक उलटा काटा असतो, तो नाना आधीच पकडीने दाबून टाकायचे. म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. गाव हसायचं. काकूंची तक्रार वेगळी होती, "चाळीस वर्सांत ह्यांच्या माशाचं एक कालवण नाय झालं माज्या घरात."

शेवटी मीच बॉल पिशवीत टाकला आणि म्हटलं, नाना, उजव्या हातात रॉडच धरा. अंगणातल्या सरावाला गळ नसतो, कुणाला लागू नये म्हणून दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधतात. काकूंनी जुन्या स्वेटरची लाल लोकर काढून दिली. आधी नुसतं धरणं, मग मनगट, मग कोपर...

मलाही शिकवायला लागले. दोरी मागे गेली की घाई नाही, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. "थांब... थांब... आता टाक, बाय." काही दिवसांनी पेशंट कोण आणि डॉक्टर कोण, तेच कळेना.

आठ महिन्यांनी त्यांनी हट्टच धरला, एकदा खऱ्या पाण्यावर टाकायचंय. त्यांना एकच बघायचं होतं... हात परत आलाय की नाही.

सकाळी रिक्षाने पळसदरीला गेलो. नानांच्या बोटांना गाठ जमत नव्हती आणि जवळचं नीट दिसतही नव्हतं, त्यामुळे बांधायचं काम माझ्याकडे. डबीतून गळ काढला. त्यांचा हात अजून थरथरत होता. गळ फिरून डोळ्यात घुसला तर?

मी गळ परत डबीत ठेवला आणि गुपचूप लोकर बांधली.

"काटा दाबलास का गं?" नानांनी विचारलं.

"हो नाना," मी म्हटलं.

पहिल्या दोन वेळा दोरी पायातच पडली. तिसऱ्यांदा मात्र ते थांबले... थांबले... आणि टाकली. दोरी सरळ जाऊन काठाच्या गवताजवळ टेकली. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात पाणी उसळलं. मरळ, चांगली हातभर लांब! तिने ती लाल लोकर तोंडात घेतली आणि गळ रुतावा म्हणून नानांनी त्याच क्षणी रॉड उचलला.

रॉड वाकला. दोन-तीन सेकंद लोकर तिच्या दातात अडकली असणार. मग दोरी सैल पडली. गळच नव्हता, तर मासा राहील कसा?

नानांनी रॉड खाली टेकवला. मग म्हणाले, "सुटली. हात गेला माजा, बाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी लोकर मुठीत लपवली आणि "होतं असं, पुढच्या वेळी नक्की" असलं काहीतरी बडबडले. खोटं बोलले हे कळलं तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, अशी भीती वाटली. भित्री आहे मी, दुसरं काय.

पुढची वेळ आलीच नाही. नानांनी रॉड कपाटामागे ठेवायला लावला, व्यायाम सोडला. मी गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. तीनदा सांगायचं ठरवून गेले आणि तीनदा नुसतं बीपी बघून परत आले. मग दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत.

काल पंगती उठल्यावर मागच्या पडवीत काकूंना सगळं सांगितलं. इतके दिवस पर्समध्ये ठेवलेली लोकर त्यांच्या हातात दिली. वाटलं, चांगल्या फैलावर घेतील. त्यांनी लोकर बोटांत धरून उलटसुलट बघितली.

"मंजे हात बराबर हाता ह्यांचा?"

"हो काकू. अगदी वेळेवर उचलला होता त्यांनी."

"डाव्या हातानं मारायचे गं त्या हाताला. रोज. मेलेला हाय म्हनायचे..."

काकू उठल्या, माजघरात नानांच्या फोटोसमोर गेल्या आणि लोकर तिथे ठेवली. नानांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या नेहमी त्यांच्याशी मोठ्याने बोलायच्या. तशाच मोठ्याने म्हणाल्या, "अवो, हात बराबर हाता तुमचा. पोरीनं गळच नव्हता बांधला."

एवढंच तर सांगायचं होतं. रिक्षातून परत येताना सांगितलं असतं, तरी नानांनी ऐकलं असतं.