दर दहा मण्यांनी डोळे मिटणारी

मुलुंडच्या बाजारात मंगळसूत्रं ओवणारी एक बाई बसते. मध्यंतरी तिचे डोळे इतके कोरडे पडले होते, की धंदाच बंद व्हायची वेळ आली. डॉक्टरांच्या थेंबांनी आणि एका सवयीने ती तगली: दर दहा मण्यांनी ती डोळे मिटून स्वस्थ बसते.

माझ्या बायकोचं मंगळसूत्र ओवताना ती अशीच बसली, तर मागच्या रांगेतून एक काकू गरजल्या. भांडुपपर्यंतचे कावळे उडाले.

"ए बाई, झोपलीस काय गं?"

"झोपत नाय ओ ताई, डोळ्यांना पाणी पाजतेय. टक लावून काम केलं की पापणी लवायचंच विसरते. तुम्हीपण मिटा बघू!"

काकूंनी फणकाऱ्याने मिटले. मीही मिटले. उघडून बघतो तर, शपथेवर सांगतो, आरे कॉलनीपर्यंत गिऱ्हाइकं डोळे मिटून उभी, आणि बाईने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवलेला!