फुंटशोलिंगची संत्री आणि न पोचलेली सही

निवृत्त बाईला 'आता काशीला जा' म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. म्हणून मी भूतानच्या वेशीवर गेले आणि नणंदेला, कुसुमताईंना, सोबत ओढलं. पुण्याहून विमान बदलून बागडोगरा, तिथून चहाच्या मळ्यांतून टॅक्सीने चार-पाच तासांत जयगाव. रस्ता उत्तम, ड्रायव्हरची गाणी अधम. मुक्काम जयगावातच करा, स्वस्त पडतो. सीमेवरच्या कमानीपलीकडे फुंटशोलिंग, म्हणजे भूतान. आधार कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या.

अलीकडे हॉर्नचा कल्लोळ. पलीकडे माणूस दिसला की गाड्या आपण होऊन थांबतात. कुसुमताईंनी तीनदा विनाकारण रस्ता ओलांडला. "वहिनी, स्वारगेटला हे सुख नाही हो."

रविवारी संत्र्यांच्या लिलावाच्या आवारात गेलो. पेमा नावाची व्यापारीण फळं खोक्यांत भरून घेत होती. तिने सोललेलं संत्रं खाऊन नागपूरकरांची क्षमा मागावीशी वाटली. तिचं लक्ष मात्र फोनकडे. तिचा ट्रक भारत ओलांडून बांगलादेशच्या हद्दीवर कालपासून अडकला होता. भूतान जागतिक व्यापार संघटनेचा सदस्यसुद्धा नाही, पण बांगलादेशशी करार असल्याने या संत्र्यांवर तिकडे जकात नाही. (आपले काही शेजारी सदस्य असूनही आपल्याशी व्यापार बंद. असो.) अट एकच: फळ भूतानचंच असल्याचा सरकारी दाखला.

"दाखला आहे, दीदी," पेमा हिंदीत म्हणाली. "पण सही नव्या साहेबांची, आणि तिकडच्या जकातनाक्याच्या यादीत जुन्या साहेबांचीच. जकात लागली तर खरेदीदार माल उचलणार नाही. परवापर्यंत निम्मी फळं मऊ पडतील."

असेच दाखले देणाऱ्या पुण्यातल्या एका कचेरीत मी आयुष्य काढलं. साहेब बदलले की सहीचा नमुना शेजारी देशांना पाठवणं माझं काम. एकदा सुटीवर जाताना ते राहिलं, आणि नारायणगावच्या एका बागायतदाराची द्राक्षं हद्दीवर सडली. मी टपालखात्याला दोष दिला होता.

"नवे साहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"आज तिरंदाजीला."

आम्ही तिघी टॅक्सीने मैदानावर. साहेब पारंपरिक भूतानी झग्यात धनुष्य ताणून उभे. शाळेत नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत मी त्यांना सही, यादी आणि संत्री एका दमात ऐकवली.

"मॅडम, एवढा बाण सोडू द्या."

बाण लागला. त्यांचा संघ गात नाचू लागला. पोटच्या मुलाच्या लग्नात पाय न हलवलेल्या कुसुमताई त्यांच्यात घुसल्या. मीही. मग साहेबांनी त्याच झग्यात कचेरी उघडली आणि नमुना ईमेलने रवाना केला. बांगलादेशात रविवारी कामकाज चालतं, हे आमचं नशीब. सोमवारी दुपारी पेमाचा फोन आला. ट्रक पलीकडे गेला, एवढंच हसण्यातून कळलं.

पुण्यात आल्यावर चार जणांना विचारून मी त्या बागायतदाराचा नंबर मिळवला. चूक माझी होती, टपालाची नव्हती, हे सांगितलं. मग पेमाचंही सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं:

"तिची संत्री पोचली का?"

"पोचली."

"मग ब्येस झालं," ते म्हणाले. "माझी बाग कवाच काढली, बाई. पण ती द्राक्षं लय गोड व्हती."