भाऊजींनी मोकळी केलेली जागा

भाऊजींना भरलेली जागा बघवत नसे. उमेदीची वर्षं त्यांनी एका गोदामात खोकी हलवण्याचे हुकूम सोडण्यात घालवली. निवृत्तीनंतर हलवायला खोकी उरली नाहीत, तेव्हा ते नातेवाइकांच्या कॉम्प्युटरांकडे वळले. "मोकळं करून देतो," म्हणत खुर्चीत बसायचे आणि मग वाचवता येईल तेवढं ज्याचं त्यानं वाचवायचं. आत्याच्या बागेचे फोटो त्यांनी 'सगळी फुलं सारखीच' म्हणून उडवले होते. तरी घरोघरी त्यांना चहा मिळे. ताईचा नवरा, करता काय?

त्यांची मेहुणी पाट्या करायची. तिच्या पुढच्या खोलीत एक मशीन होतं. कॉम्प्युटरवर अक्षर जुळवलं की त्याचं पातं स्टिकरच्या कागदातून ते अलगद कापून काढी. नव्या दवाखान्याच्या दारांवरची अक्षरं तिला सोमवारी सकाळी द्यायची होती. वेळेत दिली तर पुढच्या इमारतीचंही काम तिला, नाहीतर दुसऱ्याला, असं स्पष्ट बोलणं झालं होतं. आणि नेमकं रविवारी कॉम्प्युटरने आपणहून नवं अपडेट चढवून घेतलं. मशीन मुकं झालं.

"घाबरू नका," मशीनवाला फोनवर म्हणाला. "नव्याशी आमचं अजून जुळलेलं नाही. जुनं काही दिवस आत शिल्लक असतं. सेटिंगमध्ये जाऊन 'मागे जा' दाबा, की झालं."

तिने फोन ठेवला आणि दारात ताई-भाऊजी उभे.

"भाऊजी, कॉम्प्युटरला हात लावू नका हं," असं बजावून ती चहा टाकायला आत गेली.

"मी कशाला लावतोय!"

चहा उतू जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्यांना पुरला.

"मेहुणीबाई, केवढा कचरा साठवला होतास! जुनी अपडेट्स! वीस जीबी मोकळे केले बघ."

तिने कप खाली ठेवून सेटिंग उघडलं. 'मागे जा' फिकट पडलं होतं, दाबलं तरी दबत नव्हतं.

"त्या कचऱ्यातूनच मला परत जायचं होतं, भाऊजी."

"मागे कशाला जायचं? माणसानं पुढे बघावं."

"अहो, निदान विचारायचं तरी!" ताई म्हणाली.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

मेहुणीने त्यांच्या समाधानी चेहऱ्याकडे पाहिलं. जुनी अपडेट्स तीही काढत असे, पण नवं नीट चालतंय याची खात्री झाल्यावर. ह्या माणसाला मोकळ्या जागेचं पुढे काय करायचं, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. इतकी वर्षं एवढी ऐसपैस जागा मानेवर वागवूनही नाही.

प्रिंटर अजून चालत होता. अक्षरांचे आराखडे छापून तिने ते स्टिकरच्या कागदांवर चिकटवले आणि तीन कटर टेबलावर मांडले.

"बसा."

"मी? अगं, माझ्या डोळ्यांना..."

"कचरा बरा दिसला."

विभागांची बारीक नावं तिने स्वतःकडे घेतली. प्रत्येक दारावर 'ढकला' लागणार होतं. त्यातलं 'कला' ताईकडे गेलं आणि उरलेलं एक अक्षर भाऊजींकडे. पहिल्या दोन अक्षरांच्या पोटातलं वेटोळंच त्यांनी कापून टाकलं.

"ते का काढलंत?" तिने विचारलं.

"आत उगाच अडकल्यासारखं वाटत होतं."

तिने पुन्हा कागद दिला. मग मात्र भाऊजी ओठांच्या कोपऱ्यातून जीभ काढून, हट्टाने, एकामागून एक तेच अक्षर कापत राहिले. दिवे लागले. बोटं आखडली. ताईचा गठ्ठा संपला, मेहुणीचाही संपला. सकाळची काळजी मिटली. भाऊजींनी शेवटचं अक्षर दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरलं.

"नीट बघून सांग, ढ जमलाय का?"

मेहुणीने अक्षराकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं.

"अगदी हुबेहूब, भाऊजी."

ताई घाईघाईने कप उचलून आत गेली. बेसिनचा नळ बराच वेळ जोरात वाहत राहिला.