उलटी साखळी

लोणारच्या या मिस्त्रींना नकाशा दिला की ते आधी चष्मा पुसतात, मग नकाशा बाजूला ठेवतात. गावच्या नव्या वाचनालयाचं छत मी नकाशात विटांच्या कमानीचं काढलं होतं, मधे एकही खांब नाही. त्यांनी दोन खिळ्यांना बैलाची साखळी टांगली आणि भिंतीवर तिची रेघ खडूने ओढली. "हेच उलटं करू, साहेब. साखळी जशी लोंबते तशीच कमान उभी राह्यते."

माझ्या कॉम्प्युटरवरही तीच रेघ निघाली होती.

छताखालचे टेकू, म्हणजे सेंटरिंग, काढलं त्या दुपारी मिस्त्री थेट छताखाली पोतं अंथरून भाकर-ठेचा खायला बसले. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"गणित तुमचं बी जुळलं ना?" घास चावत त्यांनी विचारलं. "मंग बाहेर काऊन उभे?"